पाठराखीण

बेलापूरला आम्ही ज्या सरकारी क्वार्टर्समध्ये राहत होतो तिथे बाबांनी एक हौस मात्र पुरेपूर भागवून घेतली होती, ती म्हणजे ग्रिलची. हॉलच्या खिडकीला ग्रिल, स्वयंपाकघराच्या खिडकीला ग्रिल, गॅलरीला वरपासून खालपर्यंत ग्रिल, आणि घराच्या दाराबाहेर गजांचं आणखी एक दार, ज्याला सगळी कॉलनी सेफ्टी डोअर म्हणायची. नवी वस्ती आहे, कोण कुठला माहीत नाही, असं बाबांचं म्हणणं. चोरून नेण्यासारखं आमच्याकडे होतं काय, तर आईचं शिलाई मशीन आणि बाबांच्या फायली. दिवाळे गावाहून हिराबाय कोळीण म्हावरं घेऊन यायची ती जिन्यात, त्या गजांच्या बाहेर पाटी उतरवून बसायची, आणि आई दार न उघडताच गजांमधून हात घालून बोंबील उलटसुलट करून बघायची. "बाय, पिंजऱ्यान तुमी हाव का मी, त्याच कलत नाय," असं हिराबाय म्हणायची आणि स्वतःच हसायची. आई रागावून एक बोंबील जास्त मागून घ्यायची. सकाळी कुकरच्या शिट्टीवरून कोणाच्या घरी डाळ शिजतेय ते ओळखू यायचं, दुपारी मशीनची घरघर, आणि संध्याकाळी बाबा ऑफिसातून आले की सेफ्टी डोअरच्या कडीचा खण् असा आवाज. तो झाला की घर बंद. त्यानंतर आम्हा दोघी बहिणींना खाली उतरायचं तर कारण सांगावं लागायचं, आणि खरं सांगायचं तर तेव्हा त्याचं आम्हाला काही वाटायचंही नाही. सगळ्याच घरांत तसं होतं.

बाबा रिटायर व्हायला आले होते. घरात दुसरा विषय नव्हता. गावच्या घराची कौलं बदलायची ती रिटायर व्हायच्या आत, आईचे गुडघे दाखवायचे ते रिटायर व्हायच्या आत, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ताईचं लग्न, तेही रिटायर व्हायच्या आत. एकदा क्वार्टर सोडली की मुलगी कुठल्या घरातून द्यायची, पत्रिकेवर पत्ता कुठला घालायचा, हे प्रश्न बाबा जेवताना खरोखर विचारायचे. आई भात वाढता वाढता थांबायची आणि ताईकडे बघायची. ताई आमटी कालवत असायची. तिला काय वाटतं हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, बी.कॉम. झालेली, कॉलनीजवळच्या एका वकिलांकडे टायपिंग करायची. आणि संथ. देवा, किती संथ! कोलंबी सोलायला बसली की प्रत्येक कोलंबीच्या पाठीतला काळा दोरा अख्खा, न तुटता बाहेर यायला हवा, नाहीतर हिला चैन पडायचं नाही. "हिच्या हातचं कालवण खायचं तर उद्या या म्हणावं पाहुण्यांना," असं आई म्हणायची. वकीलसाहेबांचीही तीच तक्रार, पण तिने टाईप केलेल्या कागदात एक चूक सापडत नसे, म्हणून गप्प बसायचे. मी अगदी उलटी. जिना दोन दोन पायऱ्यांनी उतरणारी, दूध उतू घालवणारी, अर्धं वाक्य ऐकून उत्तर देणारी. घरात मी हुशार आणि ताई मंद असं ठरून गेलं होतं. लहानपणी घरात एकदा असं ठरलं की ते पुसता पुसत नाही. मला ते सोयीचं होतं, म्हणून मीही कधी पुसायला गेले नाही.

एम.एस्सी. झाल्यावर मला महाप्याला नोकरी लागली. खाली प्लॅस्टिकच्या बादल्या बनवणारा गाळा आणि वर आमची लॅब, त्यामुळे आमच्या सगळ्या शास्त्राला जळक्या प्लॅस्टिकचा वास. लॅबचे प्रमुख कारखानीस सर परदेशात शिकून आलेले, उंच, किडकिडीत, कायम खिशात खडू ठेवणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर मण्यांची माळ काढून मला प्रोटीन समजावलं, जणू मी ते कधी शिकलेच नव्हते. वीस प्रकारचे मणी, ठरलेल्या क्रमाने ओवलेले. पण साखळी नुसती लांब पडून असेल तर ती कामाची नाही. ती वळते, दुमडते, काही मणी पाण्याला टाळून आत दडतात, काही बाहेर राहतात, आणि शेवटी तिचा असा एक आकार होतो. तो झाला तरच ती काम करते. हा आकार तिला कोणी शिकवत नाही, मण्यांच्या क्रमातच तो असतो. शक्य असतील तेवढी सगळी वळणं एकेक करून बघायची म्हटलं तर विश्वाचं वय पुरणार नाही, आणि तरी पेशीत हे काम बोलता बोलता होतं. "मनीषा, प्रोटीनला शिकवायचं नसतं," सर म्हणाले. "त्याला फक्त आडवं जायचं नसतं." मी ते वहीत लिहून घेतलं होतं. आता म्हणे संगणक मण्यांचा क्रम बघून आकार सांगतो. सांगू दे बापडा. आकार कोणता हे सांगणं वेगळं, आणि साखळी तिथपर्यंत पोचते कशी हे वेगळं. त्यावर शास्त्रज्ञ अजून भांडताहेत, आणि मला त्याचं बरं वाटतं.

आमची अडचण अशी होती. लॅबला हवं असलेलं एक प्रोटीन आम्ही बॅक्टेरियांकडून बनवून घ्यायचो, आणि बॅक्टेरिया ते इतकं भराभर बनवायचे की साखळ्यांना नीट वळायला उसंतच मिळायची नाही. अर्धवट वळलेल्या साखळ्या एकमेकींना चिकटून त्यांचा पांढरा गाळ व्हायचा, भिजवलेल्या चुन्यासारखा. एकदा त्यात अडकलेली साखळी आपणहून सुटत नाही. सुटायचं तर जेवढी वळली तेवढी आधी उलगडावी लागते, आणि तेवढा जोर तिच्यात नसतो. तुटलेली नसते, मेलेली नसते, नुसती अडकलेली असते. म्हणून तो गाळ आम्ही युरियात विरघळवायचो. युरियात साखळी पार उलगडते, चुकीचं वळणही जातं आणि बरोबरही. मग युरिया कमी करायचा म्हणून ते सगळं भरपूर थंड बफरमध्ये, म्हणजे क्षार घातलेल्या पाण्यात, मिसळायचं आणि साखळीने आता तरी नीट वळावं म्हणून वाट बघायची. नीट वळली असेल तर चाचणीच्या नळीत पिवळा रंग यायचा. घरी हे सांगितलं तेव्हा "युरिया? म्हणजे भाताला घालतात तो?" असं विचारून बाबा आठवडाभर हसत होते.

पिवळा रंग काही येत नव्हता. दर गुरुवारी बफर दुधासारखं पांढरं व्हायचं आणि सगळा माल परत गाळ होऊन तळाशी बसायचा. गुरुवार अशासाठी, की शुक्रवारी एमआयडीसीत वीज बंद. आठवड्यातली ती ठरलेली सुट्टी, सगळे कारखाने गप्प, आमचा जनरेटर जेमतेम फ्रीजरपुरता. कोल्ड रूम बंद पडणार म्हणून सगळं गुरुवारी संध्याकाळपर्यंत उरकायचं, हा नियमच होता. सोमवारी बॅक्टेरिया, बुधवारी गाळ, गुरुवारी युरिया, आणि पाचच्या आत सगळं भांडंभर एका दमात बफरमध्ये ओतून मोकळं. पिवळा रंग आला नाही की सर पाणी बदलायचे, युरिया बदलायचे, मला बोलायचे. गुरुवारी संध्याकाळी ओतायचं या गोष्टीवर मात्र कोणाचा संशय गेला नाही. शुक्रवार शुक्रवारी येणारच, त्याच्यावर कोण संशय घेणार?

अशातच ताईचं लग्न ठरलं. मुलगा ऐरोलीचा, शिफ्टची नोकरी, घरात तो आणि त्याची आई. आठ दिवसांत पसंती, महिन्यात लग्न, कारण पुढे मुहूर्त नव्हते आणि त्याच्याही पुढे बाबांची नोकरी नव्हती. मी ताईची पाठराखीण म्हणून तिच्याबरोबर गेले. आता ही रीत किती घरांत उरली आहे कोण जाणे. नवरी सासरी जाते तेव्हा माहेरचं कोणीतरी तिच्यासोबत जातं, चार दिवस राहतं. म्हणजे तिला एकटं वाटू नये, आणि माहेरच्यांना कळावं की घर कसं आहे. मी रविवारी गेले, आणि शुक्रवारी मांडवपरतणीला जोडप्याबरोबरच परत यायचं ठरलं होतं.

मंगळवारी सकाळी ताईचा नवरा कामावर गेला आणि तिच्या सासूबाई मला म्हणाल्या, चल ग, भाजी घेऊन येऊ. ताई ओट्यापाशी होती. आम्ही बाहेर पडलो, त्यांनी दार ओढलं, बाहेरची कडी कोयंड्यात अडकवली आणि पिशवीतून कुलूप काढून लावलं. मी पिशवी धरून उभी होते. ताई आत आहे, असं मी म्हणाले. "असू दे की," त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या. "सवय झालेली बरी." बाजारात त्या माझ्याशी मेथीच्या जुडीबद्दल बोलत होत्या आणि मी हो हो करत होते. तासाभराने परत आलो तर ताई दाराच्या आत, अगदी उंबऱ्याला लागून, जमिनीवर बसलेली. हातात मिरच्यांची परात. मला म्हणाली, इथे वारा येतो. सासूबाई आंघोळीला गेल्यावर मी तिच्याशी बोलायला गेले तर तिने मला बोलूच दिलं नाही. घरी सांगू नकोस, बाबांचं सगळं पार पडू दे, एवढंच म्हणाली आणि मेथी निवडायला लागली, एकेक पान.

बुधवारी संध्याकाळी मी निघून आले. गुरुवारचं काम होतं, माझ्याशिवाय अडणार होतं, आणि खरं म्हणजे मला त्या घरात थांबवत नव्हतं. शुक्रवारपर्यंत राहायला आलेली पाठराखीण बुधवारीच पळाली. ताई जिन्यापर्यंत आली नाही, दारातूनच हात हलवला. घरी पोचले तर आईने चप्पल काढायच्या आधी विचारलं, "घर कसं आहे ग?" मी म्हणाले, चांगलं आहे, स्वच्छ आहे. आईने देवापुढे साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी मी पाचच्या आत सगळं बफरमध्ये ओतलं आणि ते दुधासारखं पांढरं झालं. शुक्रवारी मांडवपरतणीला ताई-भाऊजी आले, ताई नव्या साडीत गप्प बसली होती, आणि लाजतेय असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

पुढचे सात-आठ महिने ताई माहेरी आली नाही. सासूबाईंना बरं नाही, घरात पाहुणे आहेत, यांची शिफ्ट बदलली, काहीतरी असायचंच. ऐरोली आमच्यापासून रिक्षाने तासाभराच्या आत, पण आईबाबांना न बोलावता मुलीच्या घरी जायचं नव्हतं, आणि मला जायचं धैर्य नव्हतं. त्याच दिवसांत मी सरांकडचं एक इंग्रजी मासिक वाचत होते. पेशीत काही मदतनीस प्रोटीनं असतात असं त्यात होतं. नव्या साखळीला ती सोबत करतात, ती भलत्याच कोणाला चिकटू नये म्हणून तिला बाजूला, निवांत जागी ठेवतात, आणि तिचं वळून झालं की सोडून देतात. ती तिला आकार देत नाहीत, फक्त तोवर थांबतात. म्हणजे पाठराखीण, माझ्या मनात आलं, आणि मी ते मासिक मिटून ठेवलं. मला माणसांची आणि प्रोटीनची तुलना केलेली मुळीच आवडत नाही. प्रोटीनला सासू नसते. पण तो शब्द त्या दिवशी डोक्यात आला तो आला, आणि मला माझी लाज वाटली.

बाबांच्या निरोप समारंभाला ताई आली. पंधरा दिवसांसाठी पाठवतोय, असं सांगून सासूबाईंनी पाठवलं होतं. ती वाळली होती. बोलायची नाहीच. विचारलं की हो, नाही, बरं. आई शेजारणींना सांगायची, आमची सुलभा आता अगदी संसारी झाली, उगाच बडबड नाही. मी मात्र एक गोष्ट बघत होते. ताई दर थोड्या वेळाने उठायची, दारापाशी जायची, सेफ्टी डोअरची कडी सरकवायची, दार वीतभर उघडायची आणि परत लावायची. मग येऊन बसायची. बाबा आता दिवसभर घरी, त्यांना त्या खण्-खण् आवाजाचा त्रास व्हायचा. तिच्या हाताला चाळा लागलाय, म्हणायचे. तो चाळा कसला हे त्या घरात मला एकटीलाच माहीत होतं, आणि मी पेपर वाचत बसायचे.

एका संध्याकाळी आईने मला पिठलं टाकायला सांगितलं. मी फोडणीत पाणी घालून उकळी आली तशी वाटीभर पीठ एकदम ओतलं आणि व्हायच्या त्या गुठळ्या झाल्या. आई करवादली, की एवढी शिकलीस पण अजून पीठ पेरता येत नाही, मेलं ओततेस काय बदाबदा. मग तिने ताईला बोलावलं. ताईने दुसऱ्या पातेल्यात पाणी ठेवलं आणि चिमटीने पीठ पेरायला लागली. पहिलं मिसळलं की मग दुसरं. मी तिच्या हाताकडे बघत राहिले. एका साखळीला वळायचंय, आणि आपण तिच्या अंगावर हजार साखळ्या एकदम ओततो. वळायच्या आधीच त्या एकमेकींना चिकटणार नाहीत तर काय करतील? पाणी चांगलं होतं, युरिया चांगला होता. गुरुवारची घाई नडत होती. पहिल्याला वळायला वेळ द्यायचा, मग दुसरं घालायचं. पण तसं करायचं तर सबंध दिवस हवा, रिकामा आणि थंड. रिकामा दिवस आमच्याकडे एकच होता, वीज नसलेला शुक्रवार, आणि थंडाव्यासाठी मग बर्फ आणायचा.

गुरुवारी मी युरियातला थोडा माल ओतलाच नाही, बाजूला ठेवला. शुक्रवारी जनरेटर बघायला लॅबमध्ये एक चक्कर मारायचं काम सरांनी माझ्या गळ्यात मारलेलं होतंच, किल्ली माझ्याकडे असायची. सकाळी हिराबायकडे थर्माकोलची पेटी भरून बर्फ मागितला. "बरफ कशाला गो? कोन मेला का काय?" तिने विचारलं. मी म्हणाले, नाही, कोणी मेलं नाहीये. आईला सांगितलं, ताईला लॅब दाखवून आणते. आईने नाक मुरडलं, पण बहिणीबरोबर जाते म्हटल्यावर काय बोलणार. रिक्षाभर मासळीचा वास आणि मांडीवर पेटी घेऊन बसलेली ताई, अशा आम्ही महाप्याला पोचलो. खालचा बादल्यांचा गाळा बंद. सगळं एमआयडीसी इतकं शांत की कावळ्याचे पाय पत्र्यावर वाजलेले ऐकू येत होते.

कोल्ड रूमचं जाड दार मी उघडलं तशी ताई बाहेरच थांबली. कितीतरी वेळाने स्वतःहून पहिला प्रश्न तिने विचारला. "हे आतून उघडतं?"

मी तिला दाराच्या आतल्या बाजूचा पितळी गोळा दाखवला. बाहेरून कोणी लावलं तरी तो ढकलला की दार उघडतं, कोल्ड रूमला तसा नियमच असतो. ताईने आत येऊन दार लावून घेतलं, गोळा ढकलला, बाहेर आली. परत आत गेली. तीनदा केलं. मग ती कामाला बसली.

बफरचं भांडं बर्फात ठेवलं आणि वर काचेची तोटीची नळी लावली. युरियाचं पाणी जड असतं, त्याचा थेंब पडला की साखरेच्या पाकासारख्या वळवळत्या रेघा दिसतात. मी तिला म्हणाले, हळू सोड. किती हळू हे मला सांगताच आलं नसतं. तिने ते स्वतःच ठरवलं. एक थेंब सोडायचा, भांडं हाताने अलगद फिरवायचं, आणि रेघ पूर्ण विरून जाईपर्यंत बघत राहायचं. मग दुसरा. थोडं झालं की नळी बंद करून निवांत बसायची. माझ्याने ते बघवेना, मी तीनदा जनरेटर बघून आले. दुपारी आम्ही डब्यातली भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खाल्ली. संध्याकाळी नळी रिकामी झाली, आणि भांड्यातलं बफर पाण्यासारखं स्वच्छ होतं. शनिवारी चाचणीच्या नळीत पिवळा रंग आला. फिका, पण पिवळा. सरांना मी लगेच सांगितलं नाही, योगायोग असेल तर तोंडघशी पडायला नको म्हणून. पुढच्या शुक्रवारी ताईला परत घेऊन गेले.

त्या दुसऱ्या शुक्रवारी, दोन थेंबांच्या मध्ये, तिने विचारलं, "युरियात घातलं की ती आधीचं सगळं विसरते का ग?"

"वळण विसरते," मी म्हणाले. "साखळी तीच राहते."

"आणि मग पुन्हा वळते ती कोणी न सांगता?"

"कोणी न सांगता. मध्ये कोणी आलं नाही तर."

तिने थेंब सोडला आणि रेघ विरेपर्यंत बघत राहिली. मग नळीवरची नजर न हलवता बोलायला लागली. काय काय सांगितलं ते सगळं मी इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. कुलूप आता रोज असतं, नवरा घरी असला तरी बाहेरून असतं, तिची सर्टिफिकिटं सासूबाईंच्या कपाटात आहेत, एवढं पुरे. तिने माझ्याकडे काही मागितलं नाही. तू तेव्हा का बोलली नाहीस, असंही विचारलं नाही. ते विचारलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

लगेचच्या रविवारी सासूबाई आणि भाऊजी तिला न्यायला आले. आईने कांदेपोहे केले, ओटी भरायला तांदूळ-नारळ ताटात काढून ठेवले. ताईची बॅग भरून हॉलमध्ये तयार. ती बॅग आईने भरली होती. गप्पा चालल्या होत्या, आणि ताई सारखी उठून दारापाशी जाते आहे हे बघून भाऊजी हसून म्हणाले, इथून निघायची घाई झालेली दिसते. बाबाही हसले. रिटायर झाल्यापासून ते पाहुण्यांशी जरा जास्तच नमून बोलायचे. म्हणाले, "तुमच्या घरात रमलीय ती. आमची मनू पाठराखीण म्हणून आली होती ना, तीसुद्धा आल्याआल्या म्हणाली होती, घर चांगलं आहे म्हणून."

माझी साक्ष काढली त्यांनी. माझ्या हातात पोह्यांची बशी होती, ती मी खाली ठेवली.

"बाबा, मी खोटं बोलले होते."

आई आतून आली. मी थांबले असते तर परत कधी बोलले नसते, म्हणून थांबले नाही. "ते लोक ताईला आत ठेवून बाहेरून कुलूप लावतात. रोज. मी होते तेव्हासुद्धा लावलं होतं. मी तिथे पिशवी धरून उभी होते."

सासूबाईंनी चहाचा घोट घेतला आणि बाबांकडे बघून शांतपणे म्हणाल्या, "नवी सून, फेरीवाले येतात, चोऱ्या होतात. काळजी म्हणून लावतो हो. तुमच्याकडे काय कमी गज आहेत?"

बाबांनी गॅलरीच्या ग्रिलकडे पाहिलं, मग दाराकडे. मला वाटलं, संपलं आता, बॅग उचलतील. आणि ताई दारापाशीच होती, तिचा हात कडीवर होता. नेहमीसारखी थांबून थांबून, एकेक शब्द ठेवत ती सासूबाईंना म्हणाली, "आमच्या दाराची कडी आतून आहे, आई."

मग म्हणाली, "मी येणार नाही."

भाऊजी उठून उभे राहिले, काहीतरी बोलायला लागले. बाबा त्यांच्या शेजारून दारापर्यंत गेले, खण् करून कडी काढली आणि सेफ्टी डोअर पूर्ण उघडून धरलं. "या तुम्ही," म्हणाले. आयुष्यभर साहेबांना हो म्हटलेल्या माणसाचे हे शब्द आहेत, ते मी विसरलेले नाही.

त्यानंतर सगळं गोड झालं असं नाही. आई माझ्याशी महिनाभर धड बोलली नाही. जे सांगायचं ते तेव्हाच सांगितलं असतंस तर, एवढंच एकदा म्हणाली, आणि ते खरं होतं. गावाकडून निरोप आले, मध्यस्थ आले, ताई पुन्हा महिनोन्‌महिने गप्प झाली. क्वार्टर सोडून आम्ही कोपरखैरण्याला एका खोलीत राहायला गेलो, तिथे ग्रिल नव्हतं आणि बाबांनी लावूनही घेतलं नाही. सरांना मी पिवळ्या नळ्या दाखवल्या तेव्हा त्यांनी विचारलं, हे हात कोणाचे? मी सांगितलं, माझ्या बी.कॉम. झालेल्या बहिणीचे. त्यांनी तिला बोलावून घेतलं. पुढे पंप आले, थेंब सोडणारी यंत्रं आली, पण नवा माल आला की पहिल्यांदा सुलभाताईंनी बघायचा, अशी त्या लॅबची पद्धतच पडली. मी तिथून पुढे शिकायला गेले, पेपरबिपर लिहिले. ताई तिथूनच रिटायर झाली.

मध्यंतरी तिने स्वतःचा फ्लॅट घेतला तेव्हा दार बसवायच्या दिवशी मला बोलावलं होतं. सुताराने दाराला बाहेरून कडी-कोयंडा लावायला घेतला तर ताई म्हणाली, तो नको, नुसतं लॅच बसवा, आतून फिरवलं की उघडणारं. सुतार म्हणाला, अहो मावशी, चार दिवस गावाला गेलात तर बाहेरून कुलूप कुठे लावणार?

"लॅच किल्लीने बंद होतं की," ताई म्हणाली. "पण आत कोणी राहिलं असेल तर त्याला उघडता आलं पाहिजे."

सुताराने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या मागे खिळ्यांची पिशवी धरून उभी होते.